सरळ रस्त्याची मागणी

नोएडाचे सेक्टर संपून उसाची शेतं सुरू होतात, तिथून पुढे एक राज्य महामार्ग जातो. महामार्ग हा शब्द कागदावरचा. प्रत्यक्षात समोरून उसाची ट्रॉली आली की दुसऱ्याने गुमान कडेच्या चिखलात उतरायचं, एवढीच त्याची रुंदी. माझे आई-बाबा निवृत्तीनंतर या रस्त्याकाठी राहायला गेले आणि त्यांच्यापायी मला त्याचा सगळा इतिहास पाठ झाला. शाळेत शिकवलेला कुठलाच इतिहास मला इतका पाठ नाही. त्यातले राजे निदान लढाई तरी करायचे.

मुळात हा रस्ता सरळ होता. तहसिलीच्या गावातून, तिथल्या इस्पितळासमोरून निघायचा, कालव्याच्या कडेकडेने आमच्या बाजूला यायचा आणि तसाच नाकासमोर पुढे जायचा. जुनी माणसं सांगतात की गाडीवान झोपला तरी बैल आपले आपण घरी पोचायचे. पुढे सरकारने त्याच्यावर डांबर ओतलं, कडेला मैलाचे दगड रोवले आणि त्याला नंबर दिला. नंबर मिळाला की रस्त्याचंही सरकारी नोकरासारखं होतं. त्याची बदली करता येते.

पहिली बदली साखर कारखान्यासाठी झाली. कारखान्याच्या फाटकापाशी ट्रक वळायला जागा हवी होती, म्हणून रस्त्याला एक बाक दिला. कारखाना कधीच बंद पडला. बाक अजून चालू आहे.

दुसरी बदली मोठी. इथल्या एका पुढाऱ्याची सासुरवाडी रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. एरवी जावई सासरी जाताना मिठाईचा पुडा नेतो, याने महामार्ग नेला. सरळ चाललेला रस्ता शेतात मध्येच डावीकडे वळला, रेल्वेचं फाटक ओलांडून सासऱ्यांच्या बाजारपेठेतून मिरवला आणि पुन्हा दुसरं फाटक ओलांडून आमच्या बाजूला परत आला. सासरे खूश झाले, बाजारात गाळे निघाले, मेहुण्याने पेट्रोल पंप टाकला. मूळची सरळ पट्टी तशीच पडून राहिली. तिच्यावर आधी गवत आलं, मग बाभळी आल्या, मग शेजारचे नांगर हळूहळू तिच्यात शिरले आणि ती दिसेनाशी झाली.

तिसऱ्यांदा त्याची जागा बदलली नाही, फक्त पत गेली. वरून एक्स्प्रेसवे आला. आता दिल्लीच्या गाड्या आमच्या डोक्यावरून सुसाट जातात आणि खाली आम्हाला त्यांचा आवाज तेवढा मिळतो. महामार्गाचा नंबर बदलला, पाट्या बदलल्या, खड्डे मात्र जुन्याच जागी आहेत. सेवाज्येष्ठता म्हणतात ती हीच.

आता आम्ही मराठी माणसं या उसात काय करत होतो, तेही सांगायला हवं. बाबा केंद्र सरकारात होते. सगळं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, आणि क्वार्टर म्हणजे निवृत्त झालात की रिकामं करायचं घर. त्यांच्यासारख्या बऱ्याच जणांची तीच गत होती. गावी परत जावं तर गावाला ते नको होते, आणि दिल्लीत राहावं तर दिल्ली परवडत नव्हती. तेव्हा या मंडळींनी सहकारी तत्त्वावर कॉलनी काढायचं ठरवलं. सभा कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये व्हायच्या, कारण तिथे कोथिंबीरवडी मिळायची. सभासदांत कोल्हापूरचे होते, नांदेडचे होते, वसईचे ख्रिस्ती काका खजिनदार होते आणि औरंगाबादचे एक मुसलमान काका इतिवृत्त इतकं सुंदर मराठीत लिहायचे की भांडणंसुद्धा वाचनीय वाटायची. एकमत फक्त दोन गोष्टींवर होतं. दिल्लीच्या पाण्यात डाळ धड शिजत नाही, आणि प्लॉट हायवेला लागूनच हवा.

दलालाने टेबलावर नकाशा पसरून दाखवला. "फ्रंट में स्टेट हायवे, पीछे खुली हवा." एवढ्यावर आमची माणसं पाघळली. दोन रांगांत बैठी घरं बांधायची ठरली. पुढची रांग कुणाला आणि मागची कुणाला यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि बाबांना पुढच्या रांगेतला पहिलाच प्लॉट लागला. बाबा संस्थेचे सचिव होते. त्यामुळे त्या चिठ्ठीवर मागच्या रांगेतल्या एकाही माणसाचा आजतागायत विश्वास बसलेला नाही.

घर छान झालं. समोर बाबांनी हौसेने ओसरी काढली. माझी मुलगी तिला बरामदा म्हणते. ओसरी हा शब्द मी तिला एकदा सांगितला तेव्हा तिला ते औषधाचं नाव वाटलं. आई पहिल्या दिवसापासून त्या ओसरीवर जी बसली ती बसलीच. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तिने नाव ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही अर्थांनी नव्हे, एकाच. एक भाजीवाला पडवळासारखा उंच म्हणून पडवळ, स्कूटीवरून जाणारी शिक्षिका कायम चिडलेली म्हणून मिरची. ती माणसं बिचारी तिला हात जोडून "राम राम माताजी" म्हणायची.

मग एका सकाळी आईला अर्धांगाचा झटका आला.

अँब्युलन्स तहसिलीच्या इस्पितळातून लगेच निघाली, यात वाद नाही. बाबा फोन कानाला लावून ओसरीवर उभे होते आणि ड्रायव्हर सांगत होता, "अंकल, फाटक बंद है." मालगाडी गेली. मग बाजारात ट्रॉली आडवी पडली होती. मग दुसरं फाटक लागलं. मी नोएडातून टॅक्सीने निघाले होते, ती मी आधी पोचले. आत आई कॉटवर पडलेली होती, तोंड वाकडं झालेलं, आणि बाबा फाटकाकडे, म्हणजे दिसत नसलेल्या फाटकाकडे, टक लावून बघत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सरळ रस्ता असता तर इस्पितळ चहा गाळून होईपर्यंत आलं असतं.

आई वाचली. उजवी बाजू लुळी पडली, वाचा थोडी अडखळते, पण आहे. डॉक्टर म्हणाले, वाचा थोडक्यात बचावली. आम्हाला कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आईच्या जिभेच्या वाटेला जाण्याची हिंमत भल्याभल्यांनी केली नव्हती, तिथे आजाराची काय कथा. आता तिचं सगळं जग म्हणजे कॉटपासून ओसरीपर्यंत. सकाळी बाबा तिला धरून आणतात, खुर्चीत बसवतात, शाल पांघरतात, आणि ती अंधार पडेपर्यंत रस्ता बघते.

बाबांनी मात्र त्या दिवशी मनाशी ठरवलं की रस्ता सरळ झाला पाहिजे. पुन्हा तसं झालं तर अँब्युलन्स फाटकावर अडता कामा नये. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की पुन्हा होऊ शकतं.

दुसरा कुणी असता तर पुढाऱ्याकडे गेला असता, हार घातला असता. बाबांच्या मते देशात दोनच प्रकारची माणसं आहेत. फाइलवर लिहिणारी आणि फोनवर बोलणारी. देश पहिल्यांमुळे चालतो आणि दुसऱ्यांमुळे बिघडतो. तेव्हा त्यांनी रीतसर सर्वसाधारण सभा बोलावली. ठराव मांडला गेला. सूचक बाबा, अनुमोदक खजिनदारकाका. 'महामार्ग मूळ आखणीप्रमाणे पूर्ववत करावा' की 'मूळ आखणीनुसार' करावा, यावर जे रणकंदन झालं त्यात चहा दोनदा गार झाला. शेवटी कोल्हापूरच्या काकांनी विचारलं की मूळ आखणी नेमकी कुठून जात होती हे कुणी पाहिलंय का. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. मूळ आखणी शेतांतून सरळ येऊन आपल्या समोर रस्त्याला मिळते, यात पाहायचं काय? ठराव एकमताने मंजूर झाला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या गावाचे प्रधानजी आमच्या ओसरीवर आले. प्रधानजी म्हणजे गावचे निवडून आलेले प्रमुख. ट्रॅक्टरची एजन्सी, तीन वीटभट्ट्या आणि पोट, सगळंच ऐसपैस. आईला नमस्कार करून ते बाबांना म्हणाले, "बाबूजी, गड्ढे भरवा लो, लाइट लगवा लो, जो मर्ज़ी माँग लो. बस, नाप मत माँगो."

"क्यों?" बाबांनी विचारलं.

"नाप से हमारे इधर आज तक किसी का भला नहीं हुआ."

ते गेल्यावर बाबांचे डोळे चमकले. "मोजणी नको म्हणतो, म्हणजे याने नक्की काहीतरी दाबलंय. त्याचं चाऱ्याचं गोदाम बघ, बरोब्बर जुन्या पट्टीवर असणार."

"आणि ते म्हणतात ते खरं असलं तर?" आई अडखळत म्हणाली. "त्यांना नाप ठाऊक आहे. तुम्हाला फाइल ठाऊक आहे."

"फाइल नापापेक्षा मोठी असते," बाबा म्हणाले. आईने वर आकाशाकडे पाहिलं.

त्यानंतर अर्जांचं पर्व सुरू झालं. बाबा अर्ज लिहायचे, स्मरणपत्र लिहायचे, स्मरणपत्राचं स्मरण करून देणारं पत्र लिहायचे. मी शनिवारी गेले की मला ते वाचून दाखवायचे. मीही सरकारी नोकर, त्यामुळे मला हे ऐकून झोप यायला हवी होती, पण बाबांचा आवाज 'रुग्णवाहिका' या शब्दापाशी आला की हलकेच बदलायचा. मग मी चेष्टा करायचं थांबवायचे. हे असं बरीच वर्षं चाललं. दरम्यान बांधकाम खात्यातले किती साहेब आले नि गेले, आणि प्रत्येकाने 'योग्य कार्यवाही' केली, म्हणजे फाइल खालच्या टेबलावर पाठवली.

मग माशी शिंकायची ती उलट्या बाजूने शिंकली. एक तरुण साहेब आला आणि त्याने खरोखरच फाइल वाचली. असं कधी होईल याची बाबांनाही कल्पना नव्हती. मोजणीचा हुकूम निघाला. कॉलनीच्या वॉट्सअॅप ग्रुपवर फुलांचे गुच्छ, हात जोडलेले, फुगे सुटलेले. बाबांनी पेढे वाटले. खजिनदारकाकांनी लिहिलं, 'सत्याचा विजय झाला.' मागच्या रांगेतल्यांनीही त्यावर अंगठे उमटवले, हे विशेष.

मोजणीच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले. कॉलनीने लग्नघर असावं तशी तयारी केली होती. घडीच्या खुर्च्या, थर्मास, आणि मोजणीवाल्यांसाठी पोहे. उत्तरेत सरकारी माणसाला नाश्त्याला पोहे देणारे आम्हीच. लेखपाल, म्हणजे इकडचा जमिनीची नोंद ठेवणारा माणूस, आपला नकाशा, यंत्र आणि दोन चुनेवाले घेऊन तहसिलीकडून निघाला होता. शेतांतून चुन्याची पांढरी रेघ मारत तो जवळजवळ येत होता. रेघ प्रधानजींच्या चाऱ्याच्या गोदामातून गेली तेव्हा आमच्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बाबा टाळ्या वाजवणाऱ्यांतले नव्हेत, पण त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मग रेघ बाभळींतून बाहेर आली. आता ती आमच्यासमोरच्या रस्त्याकडे वळेल म्हणून सगळे त्या बाजूला तोंड करून उभे होते. रेघ वळली नाही. सरळ रस्ता कशाला वळेल? ती कॉलनीच्या कमानीखालून आत शिरली. झेंड्याच्या खांबाला घासून, 'हिरवळीवर चालू नये' या पाटीवर चढून, पुढच्या रांगेतल्या शेवटच्या घराच्या बैठकीत गेली आणि एकामागून एक सगळ्या घरांच्या पुढच्या खोल्या ओवत आमच्या ओसरीपाशी आली.

टाळ्या थांबल्या होत्या. हायवे आमच्या समोर नव्हताच. तो इतकी वर्षं आमच्या खाली होता. दलालाने मोकळी पडलेली सरकारी पट्टी नकाशात घालून आम्हाला विकली होती, आणि आम्ही ती चिठ्ठ्या टाकून, पेढे खाऊन घेतली होती. मोबाइलमधला नकाशा टॅक्सीवाल्यांना नेमाने आमच्या दिवाणखान्यातून जायला सांगायचा, तेव्हा आम्ही त्याला मूर्ख म्हणायचो.

चुनेवाला ओसरीच्या पायरीशी थांबला. आई तिच्या खुर्चीत बसलेली होती. रेघ तिच्या खुर्चीच्या मागून जात होती.

"या," आई म्हणाली. "महामार्ग घरी आलाय. चहा तरी ठेवा."

लेखपालाने पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. तो बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "बाबूजी, माताजी बीमार हैं. खूँटी थोड़ी उधर गाड़ देते हैं. कौन देखने आ रहा है?"

बाबांनी आईकडे पाहिलं, शेतांतून आलेल्या त्या लांबलचक पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. रेघेच्या त्या टोकाला इस्पितळ होतं. अगदी सरळ होती ती.

"जहाँ आती है, वहीं गाड़िए," ते म्हणाले. आणि स्वतः वाकून त्यांनी आईची खुर्ची पुढे सरकवली, खुंटीला जागा करून दिली.

मला त्यांचा इतका राग आला की माझा आवाज चढला. "बाबा, ही आईची जागा आहे. तिला दुसरं काय उरलंय? तुमच्या नियमापायी तिला उचलून मागच्या अंधाऱ्या खोलीत टाकणार का?"

"नियमापायी नाही," ते म्हणाले. "पुन्हा झालं तर गाडी याच रेघेवरून येणार आहे."

एका बाजूला आईची रोजची खुर्ची, दुसऱ्या बाजूला तिचा जीव वाचवणारा रस्ता, आणि दोन्ही एकाच जागेवर. हा घोळ घालायला आम्हाला कुणाची मदत लागली नव्हती. तो आम्ही ठराव करून, एकमताने, सूचक-अनुमोदकांसह घातला होता.

त्या संध्याकाळी तातडीची सभा झाली. इतिवृत्त लिहिणाऱ्या काकांनी पेन बाजूला ठेवलं, म्हणाले, हे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या रांगेतल्यांना एकाएकी वळणाची महती पटली होती. सकाळपर्यंत ज्या वळणाला शिव्या घालत होते, ते आता परिसराची ओळख होतं, त्याच्यामुळे वाहनांचा वेग आटोक्यात राहत होता, त्याला चक्क ऐतिहासिक महत्त्व होतं. मागची रांग मात्र कायद्याच्या राज्यावर बोलायला लागली. "वैयक्तिक स्वार्थ बाजूला ठेवून जनहिताचा विचार करावा," असं मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले. पुढची रांग पाडली की त्यांचं घर थेट हायवेला लागणार होतं. बाबा कोपऱ्यात बसून होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि ज्या बाईसाठी हे सगळं सुरू झालं तिला तर मुळीच नाही. ती घरी ओसरीवर खुंटीला पाठ लावून बसली होती.

खुंटी गाडली, पण पाडापाडीचा हुकूम निघायचा होता. तेवढ्यात पुढची रांग जाऊन भेटली, कुणाला? त्याच पुढाऱ्याला. सासुरवाडीच्या जावयाला. तो आता म्हातारा झालाय, गुडघे बदलून घेतलेत. त्याने आमच्या लोकांना लस्सी पाजली आणि म्हणाला, "आप लोग तो हमारे मेहमान हो. सड़क जहाँ है, वहीं रहेगी. हमने बहुत सोच-समझकर मोड़ी थी." वळणालाच कायमची आखणी म्हणून मान्यता मिळवून द्यायचं त्याने कबूल केलं. अडचण एकच होती. सरळ रस्त्याची मागणी ज्याने केली, त्याने ती लेखी मागे घ्यायला हवी. म्हणजे बाबांनी.

ओसरीवर रांग लागली. खजिनदारकाका आले, कोल्हापूरचे काका आले. बाबा सगळ्यांना बसायला खुर्ची द्यायचे, सही द्यायचे नाहीत. मला वाटायचं, यांनी सही करू नये. दुसऱ्या क्षणी वाटायचं, अजून केली कशी नाही? मी शनिवारी जायचे आणि दोघांशीही त्या विषयावर बोलायचं टाळायचे. आमच्या घरात फाइल वर्षानुवर्षं पडून राहते ती अशी.

एका सोमवारी मला फोन आला की बाबांनी लिहून दिलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी कॉलनीत सत्कारसमारंभ झाला. पुढाऱ्याचा. आपल्या माणसांना शाल आणि श्रीफळ दिल्याशिवाय कृतज्ञ होता येत नाही. इकडे सोललेला नारळ मिळतो, शेंडीचा मिळत नाही, म्हणून एकजण दिल्लीत जाऊन शेंडीचा शोधून आला. मागच्या रांगेने बहिष्कार टाकला, मग जेवण आहे कळल्यावर उठवला. आणि संस्थेचे संस्थापक सचिव म्हणून शाल बाबांच्याच हातात देण्यात आली.

ज्या माणसाने रस्ता वाकवला, ज्याच्या वळणावर माझ्या आईची गाडी अडली, त्याच्या खांद्यावर बाबांनी शाल घातली. नीट घातली, दोन्ही टोकं सारखी आली की नाही बघून. पुढाऱ्याने त्यांचा हात धरून फोटोवाल्याकडे बघितलं. भाषणात तो म्हणाला की विकास सरळ रेषेत होत नसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्ही नेमके कुणावर हे ठरवता येत नव्हतं.

जेवणं झाली, मांडव उतरला. आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. खुंटी सकाळीच कुणीतरी उपटून नेली होती. समोरून उसाची एक ट्रॉली कुरकुरत वळणाकडे गेली.

"का दिलंत लिहून?" आईने विचारलं. "इतकी वर्षं लिहिलंत, आणि मग पुसलंत."

बाबा म्हणाले, "तुझी खुर्ची मागच्या खोलीत नेऊन ठेवली एक दिवस. तू झोपली होतीस तेव्हा. बसून बघितलं मी दुपारभर. तिथून भिंत दिसते, दुसरं काही नाही."

आईने पदर सारखा केला. डाव्या हाताने तिला ते नीट जमत नाही.

"आणि अँब्युलन्स?"

"ती फाटकावर थांबेल."

"थांबेना का," आई म्हणाली. "मला कसली घाई आहे?"

"तुला नसेल," बाबा म्हणाले. "मला आहे."

आईने डाव्या हाताने आपल्या शालीचं टोक त्यांच्या गुडघ्यावर टाकलं.